बासष्ट किलो

"तुम्ही काटा दुरुस्त करून गेलात आणि महिन्याभरात माझे सगळे पेशंट चार-चार किलोंनी वाळले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशी साथ मी आजवर बघितली नाही."

मला हसू आले. बाईंना आले नाही. त्या दवाखान्यात छातीच्या रोग्यांना वजन बघून औषध देत असत आणि काटा चुकला म्हणजे औषध चुकले, एवढे मलाही कळत होते.

"मागच्या वेळी कशानं तपासला होता?"

"ह्याच्यानं," मी म्हणालो आणि शेजारी उभ्या असलेल्या बासष्टकडे बोट केले.

इथे आमच्या दुकानाची एक लबाडी सांगायला हवी. आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. मी मुख्य मिस्त्री. माणसे किंवा पोती मोजायचा मोठा काटा दुरुस्त झाला की त्यावर वीस-वीस किलोंची तीन लोखंडी वजने ठेवून तो तपासायचा, असा नियम आहे. पण साठ किलो लोखंड कुणाच्या दुसऱ्या मजल्यावर चढवायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. आमच्याकडे एक कामगार होता, त्याचे वजन बूट-पट्ट्यासकट बरोबर बासष्ट किलो भरायचे. सुरुवातीला मी त्याला रोज सकाळी दुकानातल्या प्रमाण काट्यावर उभा करायचो आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायचो. आज बासष्ट, उद्या बासष्ट. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, मध्ये तापाने आठवडाभर फणफणला, तरी पुन्हा बासष्टच. दोन वर्षांनी मी खडू ठेवून दिला, ऑइल पेंटचा डबा आणला आणि तो आकडा हातभर उंचीचा रंगवून टाकला. त्या दिवसापासून त्याला सगळे त्याच नावाने हाक मारू लागले. लोखंड उचलून न्यावे लागते, हा आपल्या पायांनी जिना चढतो, अशी फुशारकी मी नऊ वर्षे मारत आलो होतो. हा काट्यावर उभा राहायचा, मी काटा बासष्टवर आणून स्क्रू आवळायचो, की झाले काम.

"लोखंड आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गाडीतून आम्ही वजने वर आणली. दोन मी, एक त्याने. एका वजनासाठी तो जिन्यात तीनदा टेकला. मी म्हणालो, "काय रे, बाळंतीण आहेस का?" आणि तो मोकळेपणाने हसला. हे हसणे लक्षात ठेवण्यासारखे होते, पण तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

साठ किलो लोखंड त्या काट्यावर साडेपंचावन्न भरले. मी मुकाट्याने स्क्रू सैल केला, काटा साठावर आणला, वजने उतरवली.

"आता ह्यांना उभं करा."

बासष्ट काट्यावर चढला. काटा सदुसष्टावर जाऊन थांबला. तिघेही आम्ही त्या आकड्याकडे बघत राहिलो. काटा पहिल्यापासून बरोबर होता. चुकला होता तो माणूस, आणि मी त्याच्या मापाने काटा बिघडवून ठेवला होता. गेल्या चार-पाच महिन्यांत असे किती काटे आवळले ते मी मनात मोजू लागलो. सव्वीस भरले.

डॉक्टरबाईंना मात्र काट्यात रस उरला नव्हता. त्यांनी बासष्टला स्टुलावर बसवले. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, मान चाचपली.

"किती दिवसांत वाढलं हे?"

"कळलंच नाही, बाई. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली."

"भूक?"

"भूक नसते. पोट भरलेलं असतं तरी हात पावाकडे जातो. गोड काही दिसलं की संपेपर्यंत थांबवत नाही. खाताना बरं वाटतं, मग स्वतःचीच लाज वाटते."

"झोप?"

"झोपेला काय धाड भरलीय!" मी मध्येच म्हणालो. "अकरा-अकरा तास ताणून देतो मॅडम. रोज उशिरा येतो."

"मी त्यांना विचारतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बासष्ट हाताच्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "झोपतो खूप. पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. हातपायच उचलत नाहीत. आमच्या वजनांना खालून पोकळी असते बघा, कमी भरलं तर तिच्यात शिसं ओततात. तसं कुणीतरी रात्रीतून ओतून जातं. दंडात, मांड्यांत. बिछान्यातून पाय खाली सोडायला अर्धा तास लागतो."

"मन कशानं उदास होतं?"

एकदा माझ्याकडे बघून तो म्हणाला, "कुणी काही बोललं की. साधंच बोललेलं असतं. समोरचा विसरूनही जातो. माझे दोन-तीन दिवस जातात."

मी पुन्हा तोंड घातले. "मॅडम, हा आणि उदास? आत्ता जिन्यात हसत होता. दुकानात विनोद झाला की सगळ्यात मोठ्यानं हाच हसतो. उदास माणूस हसतो होय?"

"काही हसतात," त्या म्हणाल्या. "चार लोक आले, काही चांगलं घडलं की तेवढ्यापुरते फुलतात. ज्याची झोप उडाली, अन्न सुटलं, तो लोकांच्या लक्षात येतो. जो खातो, झोपतो आणि हसतो त्याला लोक आळशी म्हणतात. हेही नैराश्यच आहे मिस्त्री, फक्त लक्षणं उलटी आहेत." मग बासष्टकडे वळून त्यांनी विचारले, "जीव नकोसा वाटतो का कधी?"

"त्यासाठी उठावं लागेल ना, बाई," तो म्हणाला.

तो हसला. मीही हसलो. डॉक्टरबाई पेन हातात धरून आम्हां दोघांकडे बघत राहिल्या.

त्यांनी त्याचे रक्त घेतले. थायरॉईड वगैरे बघू, म्हणाल्या. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "गुरुवारी मोठ्या इस्पितळात मनोविकाराचे डॉक्टर बसतात. बाराच्या आत न्यायचं. एकट्यानं जायचं ठरवलं तर हे बिछान्यातून उठणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतेय. घरी जाऊन घेऊन जा. औषधानं बरा होणारा आजार आहे, पण वाट बघत बसण्यासारखा नाही." आणि त्याला म्हणाल्या, "गुरुवारी मिस्त्री येतील. तयार राहायचं."

"राहतो," तो म्हणाला. लहान मुलाने मान डोलवावी तशी त्याने मान डोलवली. मी चिठ्ठी खिशात घातली आणि वर म्हणालो, "काळजी नको मॅडम, हा माझा माणूस आहे."

हे मी मनापासून म्हणालो होतो. गाडीत बसेपर्यंत ते खरे होते.

दुकानात पोचलो तेव्हा मालक दारातच उभे होते. दवाखान्यातून आधीच फोन आला होता. मालक चढ्या आवाजाचे नाहीत. चिडले की ते चष्मा पुसतात. पुसता पुसता म्हणाले, "वही बघितली मी. सव्वीस गिऱ्हाईकांचे काटे चुकीचे. वजनमापाच्या निरीक्षकांना कळलं तर आपला परवाना जाईल. मिस्त्री, हे झालं कसं?"

काट्यावर माणूस उभा करायची अक्कल माझी. भिंतीवर आकडा रंगवला मी. स्क्रू आवळले मी. बासष्ट माझ्यामागे उभा होता आणि त्याच्या डोक्यावर भिंतीवर तो आकडा होता. चार कामगार हातातले काम ठेवून बघत होते. माझ्या नोकरीला बावीस वर्षे झाली होती.

"ह्यानं वजन वाढल्याचं लपवलं, मालक," मी म्हणालो. "पट्ट्याला भोकं पाडून आला, पण सांगितलं नाही. आम्ही विश्वासानं काम करतो."

मालकांनी चष्मा घातला. "खरं का रे?"

मी त्याच्याकडे बघितले नाही. तो एक वाक्य बोलला असता तर मी उघडा पडलो असतो. रोज वजन करायचे बंद कुणी केले, एवढेच विचारायचे होते त्याला.

"हो. माझं चुकलं," तो म्हणाला.

मला हायसे वाटले, हे मी लपवणार नाही. नंतर कामगारांनी विचारले, डॉक्टरीण काय म्हणाली? मी त्यांना सांगितले, "आजार आहे म्हणे. भरपूर खायचं, ढाराढूर झोपायचं आणि विनोदाला हसायचं. मला कधी होणार रे हा आजार?" सगळे फिदीफिदी हसले. फडताळामागून बासष्टचेही हसणे ऐकू आले. हसतोय म्हणजे त्याला काही लागलेले नाही, असा माझा सोयीचा समज होता. दोन महिन्यांपूर्वी तो उशिरा आला तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर त्याला "या जावईबापू" म्हणालो होतो, आणि तो दुपारभर कोठारात वजनांच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. संध्याकाळी कुणीतरी नकला करून दाखवल्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्या दिवशीच आम्ही निकाल देऊन टाकला होता की दुपारचे ते नाटक होते.

मालकांचा हुकूम असा की सव्वीस ठिकाणी पुन्हा जायचे, लोखंड घेऊन, आणि लोखंड बासष्टने वाहायचे. "त्याच्यामुळं झालं, त्यानंच निस्तरावं," ते म्हणाले. बुधवारी आम्ही निघालो. पहिली दोन ठिकाणे तळमजल्यावर होती. तिसरी एक व्यायामशाळा, दुसऱ्या मजल्यावर. पहिले वजन त्याने नेले. दुसरे घेऊन तो मधल्या वळणावर बसला, तो उठेचना. वजन मांडीवर, दोन्ही हात त्यावर, जसे काही कुणी त्याच्याकडे सांभाळायला दिले होते.

"उठ," मी म्हणालो.

"हात येत नाहीत मिस्त्री. मी सांगतोय त्यांना, पण येत नाहीत."

वरून तालमीतली चार धिप्पाड पोरे कठड्यावरून वाकून बघत होती. माझी मान खाली गेली आणि मला राग आला. "माणूस आहेस की गोणी? अजून सदुसष्टच्या वर नेतोस काय? काट्यांची वाट लावलीस, आता जिन्याची लावतोस!"

पोरे खदखदली. त्यातला एक म्हणाला, "काका, ह्यांनाच ठेवा की काट्यावर!" बासष्टही हसला. त्याचा चेहरा खरोखरच क्षणभर उजळला, आणि मी त्या पोरांना म्हणालो, "बघा, हसतोय. माणूस दमला असता तर हसला असता का?" एका पोराने खाली येऊन वजन एका हाताने उचलून नेले. बासष्ट हळूहळू कठडा धरून उभा राहिला. संध्याकाळी निघताना तो एवढेच म्हणाला, "उद्या गुरुवार."

"माहितेय," मी म्हणालो.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी विचार केला. त्याला इस्पितळात नेले तर तिथले डॉक्टर कागदावर लिहिणार की वजन आजाराने वाढले. तो कागद मालकांसमोर येणार. मग लपवले हे कसे, असा प्रश्न निघणार, आणि त्यातून माझा ऑइल पेंटचा डबा निघणार. एवढा विचार झाल्यावर मला शांत झोप लागली. आजवर कधीही मला झोपेचा त्रास झालेला नाही.

गुरुवारी तो कामावर आला नाही. कोठाराची किल्ली त्याच्याकडे होती आणि लोखंड कोठारात. म्हणून अकराच्या सुमारास मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर. त्याची बायको दारात कपडे पिळत होती.

"या भावोजी," ती म्हणाली. "बरं झालं आलात. ह्यांचं काय करावं ते तुम्हीच सांगा. सकाळी सातला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं, चला, अंगात वारं आलं. तर एक बूट घातला आणि पुन्हा आडवे झाले. कुठं जायचंय विचारलं तर सांगत नाहीत. मिस्त्री येणार आहेत, एवढंच."

आत खाटेवर तो कुशीवर झोपला होता. एका पायात बूट, दुसरा बूट छातीशी. माझी चाहूल लागताच त्याने डोळे उघडले. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर स्वतःबद्दल बरे वाटले.

"आलात? चला. मी तयार आहे. हा एक राहिलाय फक्त."

तो उठून बसला. वाकून दुसऱ्या बुटात पाय घालू लागला. सव्वाअकरा झाले होते. इस्पितळ गाडीने वीस मिनिटांवर. चिठ्ठी माझ्या वरच्या खिशात होती, घामाने मऊ झालेली.

"कुठं चला?" मी म्हणालो. "मी कोठाराची किल्ली न्यायला आलोय."

त्याचे हात नाडीवर थांबले.

"कुठं जायचं होतं हो?" वहिनींनी दारातून विचारले.

त्याने माझ्याकडे बघितले. मी सांगावे म्हणून तो थांबला होता, हे मला स्पष्ट दिसत होते. स्वतःच्या बायकोला त्याला ते सांगवले नव्हते. मी सांगितले असते तर तिने त्याला पाठीवर घालून नेले असते, अशी ती बाई होती.

"कुठं नाही वहिनी," मी म्हणालो. "कामाचंच होतं. झोपू द्या त्यांना आज. साहेबांची हौस भागू दे."

ती सुटकेचा श्वास टाकून हसली. "मी तरी कालपासून तेच म्हणतेय. आजारी माणूस असा असतो का? परवा माझा भाऊ आला होता, तर दोन तास गप्पा! काही रोग-बिग नाही. अंगात आळस भरलाय, दुसरं काय."

"दुसरं काय," मीही म्हणालो.

बासष्टने किल्ली उशीखालून काढून दिली. मग घातलेला बूट सोडला, दोन्ही बूट जोडीने खाटेखाली सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

शुक्रवारी डॉक्टरबाईंचा दुकानात फोन आला. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, थायरॉईड ठीक होते. "म्हणजे माझा अंदाज बरोबर दिसतोय. काल नेलंत ना त्यांना?"

"नेलं होतं," मी म्हणालो. "गोळ्या दिल्यात."

"बरं केलंत. त्यांना आता कुणी टाकून बोलू नका. तेवढं सांभाळा."

"हो मॅडम, सांभाळतो."

तो शनिवारी आला. मालकांनी आदल्या दिवशीच माणूस पाठवून कामावरून काढल्याचे कळवले होते. तो फक्त अंगरखा परत करायला आला होता. निळा अंगरखा धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला. त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर हात फिरवून एक सुरकुती काढली. कामगार आपापल्या कामात माना खुपसून बसले.

मी म्हणालो, "बसतोस का?" तो नाही म्हणाला. दुकानाच्या मध्यावर प्रमाण काटा आहे, तिकडे तो गेला. नऊ वर्षांत त्याला त्यावर कुणी उभे केले नव्हते. तो आपला आपण चढला, दोन्ही पाय नीट जुळवले, हात मांड्यांशी सरळ ठेवले. शिकवले होते मीच त्याला तसे उभे राहायला. हलला तर काटा हलतो. काटा थांबेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला.

"अडुसष्ट," तो म्हणाला. "खडू आहे का?"

मी खणातून खडू काढून दिला. हाच खडू मी ठेवून दिला होता की दुसरा, कोण जाणे. तो भिंतीपाशी गेला. हात खांद्याच्या वर नेताना त्याला डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यावा लागला. माझ्या रंगवलेल्या आकड्याखाली त्याने सावकाश अडुसष्ट लिहिले, आणि त्याखाली तारीख.

"राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या भरवशावर आता कुणी काटा लावू नये."

चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती. गुरुवार काही एकच नसतो, पुढच्या आठवड्यातही येणारच होता. माझा हात खिशापर्यंत गेला. पण आता दिली असती तर परवा का दिली नाहीस, हे सांगावे लागले असते. ते त्याने विचारले नसते, हे मला माहीत होते, आणि तरीही मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले.

"येतो मिस्त्री," तो म्हणाला. "दुखवलं असेल काही तर विसरा."

जिन्याला चारच पायऱ्या आहेत. तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. रस्त्यावर कुणीतरी ओळखीचे भेटले असावे. त्याच्या हसण्याचा आवाज आत आला, मोठा आणि मोकळा. एक कामगार मान वर करून म्हणाला, "बघा, बाहेर पडला की कसा खूश!"

सोमवारी निरीक्षकसाहेब तपासणीला येणार होते. मालक म्हणाले, भिंतीवर नसते आकडे नकोत. मी फडके ओले केले आणि अडुसष्ट पुसले, तारीखही पुसली. वरचे बासष्ट पण घासून बघितले. ते निघाले नाही. ऑइल पेंट मी चांगल्यातला आणला होता.